तळघरातला बंब

यंदा खंडेनवमी १ ऑक्टोबरला आली. संध्याकाळी कामावरून आले, हातपाय धुतले आणि ताम्हनात हळदकुंकू, अक्षता अन् अंगणातल्या झेंडूची चार फुलं घेऊन तळघरात उतरले. साताऱ्याला या दिवशी आजोबा कोयता, कुदळ, विळी, अडकित्ता, आत्याच्या शिवणयंत्राची कात्री असं सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचे. ज्याच्या जोरावर वर्ष निघतं त्याला एकदा तरी हात जोडायचे, असं ते म्हणत. माझं इथलं, अमेरिकेतलं निम्मं वर्ष ज्याच्या जोरावर निघतं तो काही पाटावर मावणारा नाही. ओतीव लोखंडाचा, वर निळ्या पत्र्याचं आवरण असलेला, माझ्या छातीएवढ्या उंचीचा बॉयलर आहे तो. म्हणून पूजाच त्याच्याकडे जाते. पुढच्या पत्र्याला हळदकुंकवाची बोटं लावली, फुलं समोर ठेवली, आणि बाह्या सरसावून कामाला लागले.

आमच्या या भागात ऑक्टोबर उजाडला की मराठी माणसं फोनवर पहिल्या दोन वाक्यांत विचारतात, "हीट लावली का?" बहुतेकांकडे हीट लावणं म्हणजे भिंतीवरचं एक बटण दाबणं. खाली फरनेस असते, ती हवा तापवते, पंखा ती हवा खोल्याखोल्यांत ढकलतो. फिल्टर बदलायचा, वर्षातून एकदा माणूस बोलवायचा, झालं. आमचं घर मात्र १९२६ सालचं आहे, न्यू जर्सीतल्या मेटचन गावातलं, आणि ते वाफेवर तापतं. तळघरात पाणी उकळतं, वाफ पाइपांतून आपली आपण वर चढते, खिडक्यांखालच्या लोखंडी रेडिएटरांत शिरते, तिथे तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते पाणी त्याच पाइपातून उतरत खाली बॉयलरमध्ये येतं. पंप नाही, पंखा नाही. चढायला उष्णता आणि उतरायला उतार, एवढ्यावर चाललंय शंभर वर्षं.

हे घर घ्यायच्या आधी आम्ही सात वर्षं क्वीन्समध्ये भाड्याने राहत होतो. न्यूयॉर्क शहरात घरमालकाला कायद्यानेच बांधलेलं आहे. १ ऑक्टोबर ते ३१ मे, दिवसा बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की आत ६८ असायलाच हवं, म्हणजे आपले २० अंश. रात्री बाहेर काही असो, आत किमान ६२. तिथेही खिडकीखाली रेडिएटर होता. पहाटे तो फुसफुसायचा, मी कूस बदलून पुन्हा झोपायचे. ही ऊब येते कुठून, तिच्यासाठी कुणाला काय करावं लागतं, हे कधी मनात आलं नाही. २००८ साली हे घर घेतलं आणि ते करणारी मीच झाले.

पहिल्याच हिवाळ्यात मागची खोली गार राहायला लागली. पुढच्या खोल्यांतले रेडिएटर हात लावू देत नव्हते आणि मागचा मात्र दगडासारखा थंड. एका सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने बॉयलरवरच्या करड्या डबीचा स्क्रू पिळून दाब वाढवला, "आता पोचेल वाफ," म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. त्या रात्रीपासून पाइपांत कुणी घण घालावेत तसे आवाज सुरू झाले. रेडिएटरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा सोडायच्या भोकातून, गढूळ पाणी उडून भिंतीवर ओघळ उतरले. जानेवारीत एका पहाटे थंडीनेच जाग आली. घरात ५१ फॅरनहाइट, म्हणजे दहा-अकरा अंश. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. त्याला पोटाशी घेतलं, वर आईने दिलेल्या दोन्ही गोधड्या ओढल्या आणि उजाडायची वाट बघत पडून राहिले. त्याची पावलं माझ्या मांड्यांना लागत होती, ती इतकी गार होती की मला रडू आलं.

शेजारच्या आजींनी त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या स्टीमवाल्याला फोन लावला. सत्तरी उलटलेले गृहस्थ, हातात टॉर्च, खिशात छोटा पाना. खाली उतरल्यावर त्यांनी कशालाच हात लावला नाही. आधी बॉयलरच्या अंगाला असलेल्या काचेच्या उभ्या नळीवर टॉर्च मारला. नळी रिकामी होती. "पाणी संपलंय," ते म्हणाले, "म्हणून हा आपला आपण बंद झालाय. न होता तर आज मला नवीन बॉयलर विकावा लागला असता."

मग त्यांनी तो स्क्रू उलटा फिरवला. या घराला चौरस इंचाला अर्धा-एक पौंड दाब भरपूर झाला, असं त्यांचं म्हणणं. मोटारीच्या टायरात तीसच्या वर असतो, त्यावरून अंदाज यावा. वाफ मागच्या खोलीत पोचत नव्हती ती जोर कमी पडत होता म्हणून नव्हे. रेडिएटर हवेने भरलेला होता आणि त्या हवेला बाहेर पडायची वाट नव्हती. तिच्यासाठी रेडिएटरच्या अंगाला अंगठ्याएवढा एक व्हेंट असतो. हवा त्यातून सुं-सुं करत निघून जाते, मागून वाफ आली की आतली बारकी डबी फुगून भोक बंद करते. आधीच्या कुणीतरी रंग देताना आमचा व्हेंट रंगानेच बुजवून टाकला होता. त्यात रेडिएटर एका अंगाला कलला होता, त्यामुळे पाणी परत न जाता तळाशी साचायचं आणि वाफेच्या वाटेत येऊन पाइपावर आदळायचं. ते घणाचे आवाज म्हणजे तेच. गृहस्थांनी व्हेंट बदलला आणि रेडिएटरच्या लांबच्या दोन पायांखाली लाकडाच्या पाचरी सारल्या. अर्ध्या तासाचं काम. जाताना म्हणाले, "दर आठवड्याला खाली येऊन पाणी बघत जा. बाकी ते बघून घेईल."

त्यांचे शब्द मी ऐकले होते खरे, पण ते अंगात मुरले आई आली तेव्हा. २०१० च्या दिवाळीला ती पहिल्यांदा इथे आली. कपडे धुवायचं मशिनही तळघरातच, तेव्हा तिला खाली घेऊन गेले. ती पायरीवरच थांबली. बॉयलरकडे बघितलं, वर गेलेल्या पाइपांकडे बघितलं, चिमणीकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, हा तर बंबच की!" आणि दुसरं वाक्य, "पाणी आहे ना त्यात? आधी पाणी बघावं, मग जाळ."

आमच्या न्हाणीघरातला बंब तांब्याचा होता. मधोमध उभी नळी, खाली जाळी, जाळीखाली राखेचा खण, अंगाला तोटी. आजी पहाटे साडेचारला उठायची. आधी वरून दोन कळशा पाणी, मग नळीत करवंट्या, त्यांवर गोवरीचा तुकडा, ढलप्या, चिमूटभर रॉकेल. पेट घेईना तर जाळीखालून फुंकणी. तिने फुंकलं की नळीच्या तोंडातून धुराऐवजी एकदम ज्योत दिसायची आणि तिचा चेहरा तांबड्या उजेडात क्षणभर वेगळाच वाटायचा. आम्ही पोरं सहाला उठून घंगाळात कढत पाणी घ्यायचो. नियम एकच होता, एक बादली काढली की एक कळशी गार पाणी वरून घालायचं. एकदा माझ्या धाकट्या काकाने घालायचं टाळलं. बंब कोरडा तापला, तोटीजवळची झाळ वितळली आणि बंब तांबटाकडे गेला. आठ दिवस चुलीवर पातेल्यात पाणी तापवावं लागलं. काकाला आजी काहीच बोलली नाही. आठही दिवस पहाटे त्याला उठवून चुलीपुढे बसवलं, तेवढंच.

इथल्या बंबाला मात्र आठ दिवसांवर निभावत नाही. पाण्याशिवाय बर्नर चालू राहिला तर ओतीव लोखंड तडकतं. आणि तापून लाल झालेल्या कोरड्या बॉयलरमध्ये घाबरून गार पाणी सोडलं, तर त्याची क्षणात वाफ होऊन तो फुटू शकतो. पाण्याचा एक लिटर वाफ होताना साधारण सतराशे लिटर जागा मागतो. १८६५ साली मिसिसिपी नदीवर 'सुलताना' नावाच्या आगबोटीचे बॉयलर फुटले आणि हजारावर माणसं गेली, त्यातली बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. पुढच्याच वर्षी हार्टफर्ड शहरात बॉयलर तपासून त्यांचा विमा उतरवणारी कंपनी निघाली. आमच्या बॉयलरच्या मागे पाइपाचं एक वळण आहे, परतीचा पाइप कुठे गळला तरी बॉयलर उलटा रिता होऊ नये म्हणून. त्याला आजही 'हार्टफर्ड लूप' म्हणतात. त्या वळणावरून मी दर वर्षी फडकं फिरवते. त्याला धूळ तशी बसत नाही, पण फिरवल्याशिवाय राहवत नाही.

खंडेनवमीच्या कामाची सुरुवात पाण्यापासूनच. काचेच्या नळीत पाणी अर्ध्याच्या थोडं वर हवं. त्या खुणेला आईने त्या वर्षी पूजेतला लाल नाडा बांधला होता. तो दोनतीनदा जीर्ण झाला, मी नवा बांधला, पण जागा तीच. यंदा पाणी नाड्याच्या बोटभर खाली होतं. नळ हळू सोडला, वर आणलं. हे पाणी घालतानाही हात आखडता ठेवायचा असतो. नव्या पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो आणि तो लोखंड खातो. एकदा उकळलं की तो निघून जातो, म्हणून बॉयलरमध्ये जुनं, वर्षानुवर्षं तेच ते वरखाली केलेलं पाणी सगळ्यांत चांगलं. दर आठवड्याला पाणी घालावं लागायला लागलं, तर समजायचं की वाफ कुठेतरी घराबाहेर पळते आहे.

मग थर्मोस्टॅट वर करून बर्नर पेटवला. निळ्या ज्योतींची रांग लागली. पहिल्या पाच मिनिटांत उन्हाळाभराची धूळ जळाल्याचा वास येतो, तो मला चक्क आवडतो. चिमणी जरा तापू दिली आणि एक उदबत्ती लावून बॉयलरवरच्या धुराड्याच्या उघड्या तोंडाशी धरली. धूर आत ओढला गेला पाहिजे. तो बाहेर माझ्या तोंडावर आला, तर चिमणीत काहीतरी अडलंय, पाखराचं घरटं किंवा ढासळलेली वीट, आणि बर्नर तिथल्या तिथे बंद करून माणूस बोलवायचा. यंदा धुराची रेघ सरळ आत वळली. चिमणी वर्षातून एकदा जाणकाराकडून बघून घ्यावीच, उदबत्तीवर भागवू नये. पण उदबत्तीने मला दर वर्षी जो धीर येतो तो त्याच्या पावतीने येत नाही.

हे मी इतकं जिवावर घेऊन करते त्याला कारण आहे. धूर परत फिरला तर त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला फक्त डोकं दुखतं, झोप येते, आणि तो झोपतो. आपल्याकडे बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरने आणि थंडीत दार लावून ठेवलेल्या कोळशाच्या शेगडीने माणसं अशीच गेली आहेत. माझ्या शाळेतली एक मैत्रीण लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात गेली, आंघोळीला आत गेलेली. आजीचा बंब होता त्या न्हाणीघराला कौलाखाली हातभर उघडी जागा होती. लहानपणी तिथून येणाऱ्या वाऱ्यावर आम्ही चिडायचो. आता इथे तिन्ही मजल्यांवर अलार्म आहेत. त्यांचं बटण दाबून आवाज ऐकते, पाठीमागची तारीख बघते, कारण सात-दहा वर्षांनी त्यांचाही जीव संपतो. साताऱ्याला आईकडे आता सोलर आहे, पण पावसाळ्यात ती गॅसवर जाते. तिच्याकडे गेल्या वर्षी न्हाणीच्या दाराला खालून जाळी बसवून घेतली आणि गीझर बाहेर पॅसेजमध्ये लावून घेतला. हे वाचणाऱ्याच्या घरात गॅसचा गीझर न्हाणीच्या आत असेल, तर कृपा करून या आठवड्यात बाहेर काढा.

मग बादली. पाणी कमी झालं की बर्नर तोडणारी एक डबी बॉयलरच्या अंगाला असते, तिच्या आत संडासच्या टाकीतल्यासारखा तरंगता गोळा. तिथे गाळ साचला तर गोळा अडकतो आणि डबी पाणी नसतानाही 'आहे' म्हणते. म्हणून बर्नर चालू असताना खालची तोटी उघडून ती धुवून काढायची. आधी कोऱ्या चहासारखं गंजाचं पाणी आलं, मग विटकरी, मग निवळलं. मधेच खट् आवाज झाला आणि बर्नर विझला. त्या 'खट्'साठीच सगळी खटपट. त्या पहिल्या हिवाळ्यात आम्हाला वाचवलं ते याच आवाजाने, मी तेव्हा वर झोपेत होते.

वरची कामं सोपी. सात रेडिएटर, सातांचे व्हेंट. हाताने फिरवून काढते, कानाशी हलवते, तोंडाने फुंकून बघते. हवा पलीकडे गेली तर चांगला. अडली तर व्हिनेगरमध्ये उकळते, नाहीच सुटला तर नवा. प्रत्येक रेडिएटरच्या डोक्यावर पाणसळ (स्पिरिट लेव्हल) ठेवून उतार नळाकडे आहे ना बघते, कारण लाकडी जमीन शंभर वर्षांत आपल्या मनाने बसत जाते. रेडिएटरचा नळ पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद. अर्धा ठेवला की पुन्हा घण. बाहेरच्या बागेच्या नळाचं पाणी आतून तोडून पाइप रिता केला, खिडक्यांच्या फटी बघितल्या. तेवढंच.

मुलगा आता कॉलेजात आहे. तो म्हणतो, "आई, हे काढून टाकू या, हीट पंप लावू. किती गॅस जाळतेस." हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब विजेवर आत ओढणारं यंत्र. त्याचं खरं आहे, मुलाचं. उत्तम चाललेला असा बॉयलरही शंभरातले ब्याऐंशी भाग घरात देतो, बाकी चिमणीवाटे जातात, आणि जातात ते काही चांगलं करत नाहीत. हा बॉयलर थकला की तसंच करायचं हे आमचं ठरलंय. या घराने यापूर्वीही जाळ बदललाच आहे. तळघराच्या भिंतीत कोळसा ओतायचं लोखंडी झाकण अजून आहे, पेनसिल्व्हेनियातला कोळसा त्यातून यायचा. मग तेल आलं, मग गॅस. पाइप आणि रेडिएटर तेच राहिले. ते रेडिएटर खोल्यांच्या मानाने फार थोराड आहेत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतर इकडे मोकळ्या हवेचा आग्रह इतका होता, की थंडीतही खिडकी उघडी ठेवून घर तापलं पाहिजे असा हिशेब करून ते बसवले जायचे. कोविडच्या हिवाळ्यात आम्ही मागच्या खोलीची खिडकी चार बोटं उघडी ठेवली होती, आत माझे यजमान विलगीकरणात. बाहेर बर्फ आणि आत ऊब. तेव्हा तो हिशेब करणाऱ्या माणसांविषयी जे वाटलं ते अजून मला नीट सांगता येत नाही.

मागच्या खोलीत आई उतरते. ती आली की रेडिएटरवर जाड टॉवेल घडी करून ठेवते आणि त्यावर पाठ टेकून बसते. शाळेत अप्रकट उष्मा शिकले होते. शून्यापासून शंभर अंशांपर्यंत एक ग्रॅम पाणी तापवायला शंभर कॅलरी, आणि शंभरावरच्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी पाचशे चाळीस, तापमान जराही न वाढता. पाठ केलं, मार्क मिळवले. ती पाचशे चाळीस कॅलरी वाफ वर घेऊन येते आणि लोखंडाला टेकून पाणी होताना सोडून देते, हे मला आईची पाठ बघताना कळलं.

रात्री नऊला पुन्हा थर्मोस्टॅट वर केला आणि मागच्या खोलीत जमिनीवर जाऊन बसले. वीस मिनिटं काहीच नाही. मग खाली पाइप टिक् टिक् करत ताणला गेला, व्हेंट हळू सुस्कारू लागला. पाइपाला हात लावला, गरम. रेडिएटरचा पहिला कप्पा, दुसरा, तिसरा. तळहात पुढे सरकवत गेले. वाफ कुठवर आली ते हाताला नेमकं कळतं, एका कप्प्याला चटका आणि पलीकडचा गार. नवव्यापाशी थोडी थांबली. दहाव्याला लागली आणि व्हेंट गप्प झाला.

साताऱ्यात तेव्हा सकाळचे सात वाजून गेले होते. आईचा फोन आलाच. "झाली का पूजा? पाणी बघितलंस?"

"बघते," म्हटलं आणि फोन कानाला धरूनच खाली उतरले. बर्नर नुकताच विझला होता. काचेत पाणी नाड्याच्या बरंच खाली होतं, थरथरत. वर गेलेलं अजून परतायचं होतं. आईला म्हटलं, थांब जरा. दोघी गप्प. पाइपांतून बारीक झिरपल्यासारखा आवाज येत होता आणि पाणी एक एक रेषा चढत होतं.

"आलं," मी म्हटलं.

"मग झोप आता," ती म्हणाली.